शाहू स्टेडियमच्या पायरीवरून : कोल्हापूरच्या तालीम फुटबॉलचे परीक्षण

यंदाच्या हंगामात मी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर तिकीट काढून पाच सामने पाहिले. त्यांतले तीन केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचे होते आणि दोन एका चषक स्पर्धेचे. माझे आजोळ मंगळवार पेठेतले असल्यामुळे पाटाकडील तालीम मंडळाचा संघ हा लहानपणापासून घरचाच मानलेला, तेव्हा हे परीक्षण तटस्थ माणसाने लिहिले आहे असा समज कोणी करून घेऊ नये. मात्र गेली अनेक वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात राहून दूरचित्रवाणीवर परदेशी लीग पाहण्याची सवय लागलेल्या माणसाने पुन्हा त्या पायऱ्यांवर बसून, तिकिटाच्या बदल्यात आपल्या पदरात नेमके काय पडते हे तपासून पाहिले, एवढा दावा मी करू शकतो.

पहिली गोष्ट ही की इथे ‘क्लब’ हा शब्द फारसा कामाचा नाही. प्रॅक्टिस क्लबसारखा अपवाद सोडला तर नामांकित संघांच्या नावात बहुतेक वेळा तालीम किंवा तरुण मंडळ असते : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ. पाटाकडील या नावात तर सरळ पत्ताच आहे. पाटाच्या कडेची ती पाटाकडील. बाहेरगावच्या माणसाला तालीम म्हटले की तांबड्या मातीचा हौदा, जोर-बैठका आणि वस्ताद आठवतात, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण या संस्थांचा जन्म कुस्तीतूनच झाला. शाहू महाराजांनी १८९४ साली गादीवर आल्यापासून कुस्तीला जो आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे करून त्याला जो दिमाख दिला, त्यातून पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. आज त्यांतल्या कित्येक तालमींतला हौदा थंडावला आहे, आतल्या खोलीत व्यायामाची यंत्रे आली आहेत; पण संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी माणसे तीच आहेत आणि त्यांची ईर्षाही तीच आहे. फरक एवढाच, की ती लाल मातीतून उठून हिरवळीवर गेली.

हे स्थित्यंतर कसे झाले, हा या खेळाच्या इतिहासातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग आहे. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो संस्थानी काळात, राजघराण्याच्या आवडीतून आणि शाळा-कॉलेजांच्या मैदानांवरून. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, जिला गावात सगळे ‘केएसए’ म्हणतात, आणि खेळाला नोंदणी, नियम व वेळापत्रक मिळाले. पुढे १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रयावर जगणाऱ्या अनेक गोष्टींची रया गेली. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. तो गरिबाच्या घराला पेलणारा नव्हता. फुटबॉलला मात्र अकरा पोरे आणि एक चेंडू पुरत होता. ज्या पेठेला पैलवान पोसणे परवडेना, तिला संघ उतरवणे परवडत होते. माझ्या मामांच्या मते कोल्हापूरने फुटबॉल निवडला नाही, तो त्याच्या खिशाला झेपला. आणि हे स्पष्टीकरण मला पोथीतल्या कोणत्याही कारणापेक्षा अधिक पटते. राजघराण्याचा धागा तरीही तुटला नाही. शाहू छत्रपती, जे २०२४ साली कोल्हापूरचे खासदार म्हणून निवडून आले, ते केएसएचे आश्रयदाते म्हणून अनेक वर्षे या खेळाच्या पाठीशी उभे आहेत.

स्टेडियमची जागाही त्याच इतिहासाचा तुकडा आहे. एकेकाळी कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, आणि रावणेश्वराचे तळे होते तिथे आज हे स्टेडियम आहे. शेजारीच साठमारी आहे, जिथे संस्थानी काळात हत्तींचे खेळ होत. खासबाग मैदानही चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे हत्ती, पैलवान आणि फुटबॉलपटू या तिघांना पाहायला गर्दी करण्याची सवय या गावाने एकाच परिसरात जोपासली, असे म्हणायला हरकत नाही.

आता संघाच्या घडणीकडे वळतो, कारण तिथेच माझे कौतुकही आहे आणि तक्रारही. तालीम मंडळ हे मुळात फुटबॉलसाठी चालत नाही. तेच मंडळ गणपती बसवते, तेच मोहरमला पंजे बसवते (बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजे एकाच छताखाली नांदल्याचे सगळ्या गावाने पाहिले आहे), तेच शिवजयंतीची मिरवणूक काढते आणि पंचगंगेला २०१९ साली महापूर आला तेव्हा पेठापेठांतून मदतीला धावले ते याच मंडळांचे कार्यकर्ते. फुटबॉल संघ हा या प्रपंचातला एक विभाग. त्यामुळे संघाचा पाठीराखा हा तिकीट काढून आलेला गिऱ्हाईक नसतो. तो वर्गणीदार असतो, सभासद असतो, क्वचित खेळाडूचा चुलताही असतो. गोलकीपरने बॉल सोडला तर त्याला रात्री दुधाच्या डेअरीवर जाब द्यावा लागतो. जगातल्या मोठ्या क्लबांना कोट्यवधी खर्चूनही जी आपुलकी विकत घेता येत नाही, ती इथे पेठेच्या बोळातून फुकट वाहत येते.

पण मैदानावर उतरणारे अकरा जण आता त्या बोळातले राहिलेले नाहीत. पूर्वी पेठेचा संघ म्हणजे पेठेतलीच पोरे, असा सरळ हिशेब होता. आज हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की खरी उलाढाल होते. कोणता स्ट्रायकर कोणत्या तालमीकडे गेला, कोणाला किती मानधन ठरले, कोणाला कोणी फोडले, याची चर्चा कट्ट्यांवर सामन्यांइतकीच रंगते. संघात साधारणपणे चार प्रकारचे खेळाडू दिसतात. पेठेतले पोरगे, जे नावासाठी खेळते आणि ज्याच्या अंगावरची जर्सी हीच त्याची मिळकत; दुसऱ्या पेठेतून किंवा आसपासच्या गावातून मानधनावर आलेला; महाराष्ट्राच्या दुसऱ्या शहरातून किंवा परराज्यातून हंगामापुरता उतरलेला; आणि चौथा म्हणजे ‘फॉरेनर’, जो बहुतांश वेळा नायजेरियाचा किंवा आफ्रिकेतल्या दुसऱ्या एखाद्या देशाचा असतो. पहिल्या दोन प्रकारांतले बरेच जण दिवसा नोकरी करतात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, दुकानात किंवा घरच्या धंद्यात, आणि उरलेल्या वेळात सराव करतात. व्यावसायिक म्हणावे तर पगारपत्रक नाही, हौशी म्हणावे तर पाकीट मिळते. अर्धव्यावसायिक हा शब्द पुस्तकात वाचताना जितका कोरडा वाटतो, तितका तो इथे नसतो.

परदेशी खेळाडूंविषयी कोल्हापुरात दोन तट आहेत. एका तटाला वाटते की त्यांच्यामुळे स्थानिक पोरांची जागा गेली. दुसरा म्हणतो की त्यांच्यामुळेच आमच्या बचावफळीला अंगावर येणाऱ्या सव्वासहा फुटी माणसाला अडवायचे कसे हे कळले. पाच सामने पाहिल्यावर मी दुसऱ्या तटाकडे झुकलो आहे, पण एका अटीवर. परदेशी खेळाडू संघात असला की बाकीचे दहा जण विचार करणे थांबवतात, हे मी पाचांपैकी तीन सामन्यांत पाहिले. चेंडू मिळाला की वर मारायचा आणि पुढच्या उंच माणसाने काहीतरी करावे अशी वाट पाहायची. माझ्या पुढच्या पायरीवर धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. सत्तरी ओलांडलेली असावी. असाच एक चेंडू तिसऱ्यांदा आभाळात गेला तेव्हा ते उभे राहून ओरडले, ‘‘आरं, बॉल भुईवर ठेवा की! पतंग उडवाय आलाय काय?’’ आसपासचे पन्नास जण हसले. मला विचाराल तर त्या दिवशीचे सर्वांत अचूक तांत्रिक विश्लेषण तेच होते.

खेळाच्या दर्जाविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर वेग आणि धाडस यांत हे संघ कोणालाही हार जाणार नाहीत. दोन पेठांमधल्या एका सामन्यात उजव्या बगलेवरून धावणाऱ्या एका किरकोळ अंगकाठीच्या पोराने लागोपाठ दोघांना चकवले, तिसऱ्याने त्याला जवळजवळ चुन्याच्या रेघेबाहेर ढकलले, तरी पडता पडता त्याने चेंडू आत ओढला आणि डाव्या पायाने गोलपोस्टच्या दूरच्या कोपऱ्यात सोडला. क्षणभर हलगी थांबली. मग जो आवाज उठला त्यात शेजारच्याने माझ्या हातातला भडंगाचा कागद उडवून दिला, आणि त्याचे मला किंवा त्याला काहीच वाटले नाही. तो गोल कोणत्याही मैदानावर शोभला असता. उणीव आहे ती मधल्या फळीत. चेंडू पायाशी ठेवून खेळ संथ करणे, चार पास करून प्रतिस्पर्ध्याला फिरवणे, पुढे असताना घड्याळ खाणे, हे फार थोड्यांना जमते. आणि ज्यांना जमते त्यांना पायऱ्यांवरून शिव्या बसतात, कारण प्रेक्षकाला चेंडू गोलकडे जाताना पाहायचा असतो. प्रेक्षकांची अधीरता संघाच्या शैलीत उतरते, याचे इतके ढळढळीत उदाहरण मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पाटाकडीलच्या संघाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. अलीकडच्या काळात ज्या थोड्या संघांचा दबदबा राहिला त्यांत तो आहे, आणि त्याचे कारण मला पैशापेक्षा सातत्यात दिसते. गाभ्याचे खेळाडू एकमेकांना ओळखतात. बचावपटू मागे न पाहता गोलकीपरला चेंडू देतो आणि गोलकीपर तिथे असतो. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना लागला की शहराच्या दुपारचे वेळापत्रकच बदलते. दुकानदार शटर अर्धे ओढतात, रिक्षावाले ‘स्टेडियमकडनं नको’ म्हणतात, आणि सुनेला बाजारात जायचे असेल तर सासू सांगते, ‘‘मॅच सुटायच्या आत ये.’’ मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातली जुनी चुरस तर मी लिहायची गरजच नाही; ती दोन्ही पेठांतली पोरे बोलायला शिकल्यापासून जाणतात.

या ईर्षेची दुसरी बाजू झाकून ठेवली तर परीक्षण खोटे ठरेल. मोठ्या सामन्यानंतर समर्थकांमध्ये बाचाबाची, दगडफेक आणि मग पोलिसांचा लाठीमार, हे प्रकार कोल्हापूरला नवे नाहीत. त्यापायी सामने थांबले आहेत, संघांवर कारवाई झाली आहे, आणि कित्येक घरांनी मुलींना व लहान मुलांना स्टेडियमवर पाठवणे बंद केले आहे. मी पाहिलेल्या चषक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टायब्रेकर सुरू असताना आमच्या मागच्या रांगेतून पाण्याची भरलेली बाटली मैदानाकडे भिरकावली गेली आणि ती पुढे बसलेल्या एका शाळकरी मुलाच्या खांद्यावर आदळली. आयोजकांचा एकही स्वयंसेवक आसपास नव्हता. मुलाच्या वडिलांनी त्याला उचलले आणि निकालाची वाट न पाहता ते निघून गेले. त्याच स्पर्धेत तिकीट खिडकीवर सुट्टे पैसे नाहीत म्हणून वीस मिनिटे रांग अडली आणि पहिला गोल मी बाहेरूनच, नुसता आवाजावरून पाहिला. सामनावीराला देण्यासाठी व्यासपीठावर मान्यवरांची गर्दी होईल एवढी बक्षिसे होती. फाटकावर माणसे मात्र दोन. लाखांची बक्षिसे जाहीर करणाऱ्यांनी चार हजारांचे स्वयंसेवक नेमले असते तर ते मूल सामना संपेपर्यंत बसले असते.

दुसरी, अधिक खोलवरची उणीव मुलांच्या प्रशिक्षणाची आहे. कोल्हापूरच्या मातीत गुण आहे यात वाद नाही. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. निखिल कदम कोल्हापुरातून निघून थेट मोहन बागानसारख्या मातब्बर क्लबच्या जर्सीपर्यंत पोहोचला. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. पण अनिकेतची जडणघडण झाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, तालमीत नव्हे, आणि हीच मेख आहे. तालीम तयार खेळाडू आणण्यासाठी पैसा उभा करते, दहा वर्षांच्या पोराला शिकवण्यासाठी क्वचितच करते. हंगामापुरते मानधन मोजून आणलेला स्ट्रायकर पुढच्या वर्षी शत्रूच्या पेठेत दिसतो. त्याच पैशात चार प्रशिक्षक वर्षभर राबवता आले असते. हे बोलले की मामा म्हणतात, ‘‘पोरगं तयार व्हायला आठ वर्षं लागतात, आणि वर्गणीदार यंदाचा कप मागतो.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मुलींच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. एफसी कोल्हापूर सिटी या महिला संघाने २०१८-१९ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये भाग घेतला होता. राष्ट्रीय पातळीच्या लीगमध्ये कोल्हापूरचे नाव मुलींनी नेले आणि पुरुषांच्या तालमी अजून शहराच्या सीमेतच लढत आहेत, हा विरोधाभास कट्ट्यावर कोणी फारसा बोलून दाखवत नाही. तालमींना देश पातळीवर जाण्याची खरोखर इच्छा आहे का, याविषयीही मला शंका आहे. पाटाकडीलला दिलबहारला हरवायचे असते. बेंगळुरूच्या एखाद्या संघाला हरवून कट्ट्यावर कोणाची जिरणार?

सोयींबद्दल थोडक्यात. लीगच्या सामन्याचे तिकीट मला मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त पडले, आणि एका तिकिटात बहुधा दोन सामने पाहायला मिळतात, त्यामुळे पैशांबद्दल कुरकूर करायला जागा नाही. बहुतेक प्रेक्षकांना उघड्या पायऱ्यांवर बसावे लागते. मार्चनंतर दुपारी त्या इतक्या तापतात की जाणकार माणूस घरून पोते किंवा निदान जुने वर्तमानपत्र घेऊन येतो. खायला शेंगदाणे, भडंग आणि काकडी. तिखट-मिठाचा हात सढळ. चहा सामन्यापेक्षा चांगला होता, असे एका दिवसाबद्दल म्हणता येईल. दिसण्याच्या दृष्टीने मात्र हे स्टेडियम उत्तम आहे, कारण प्रेक्षक आणि रेघ यांच्यातले अंतर कमी आहे. खेळाडू एकमेकांना काय म्हणतात ते ऐकू येते, आणि ते बरेचदा लिहिण्याजोगे नसते.

२०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी कोल्हापुरात चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो आणि नेमार यांचे मोठमोठे कटआउट उभे राहिले होते, आणि बाहेरच्या माध्यमांनी त्याची नवलाई केली. ज्यांनी ते कटआउट पाहून कोल्हापूरला ‘फुटबॉलवेडे’ ठरवले त्यांनी एखाद्या लीग सामन्याला यायला हवे होते. तिथे मेस्सीचा उल्लेख फक्त एकदा झाला, तोही पेनल्टी बाहेर मारणाऱ्याला हिणवण्यासाठी.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा बाटली लागलेल्या त्या मुलासाठी राखून ठेवला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने अंतिम सामन्याला जाऊ नये; लीगमधला एखादा मधल्या आठवड्याचा सामना निवडावा, ऊन पाठीवर येईल अशा बाजूला मधल्या पायरीवर जागा धरावी, आणि शेजारी एखादे टोपीवाले आजोबा आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे. ते कोणत्या पेठेचे आहेत हे विचारल्याशिवाय मात्र पहिल्या गोलला टाळी वाजवू नये.